शब्दचर्चा: जुन्या 'ड्रॅगन' आणि 'व्हाइट ड्वार्फ'मधले लेव्हल, टर्न, इंच वगैरे

भुयारी
'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू', 'ड्रॅगन' आणि 'व्हाइट ड्वार्फ' या खेळविषयक नियतकालिकांच्या 1975 ते 1985 मधल्या अंकांतले काही लेख मराठीत करायला घेतले आहेत. वाचणारे डंजन्स अँड ड्रॅगन्स (प्रत्येकाने एक पात्र वठवून फाशांवर खेळायचा साहसखेळ) खेळणारेच आहेत, पण आजच्या आवृत्तीचे. लेव्हल, टर्न, इंच, अलाइनमेंट, हिट डाइस, सेव्हिंग थ्रो या शब्दांपाशी गाडं अडतं. प्रतिशब्द सुचवा, आणि अंकागणिक अर्थ बदलत असेल तर कुठे बदलतो तेही सांगा.

चतुष्फलक
आधी अंकाची तारीख बघा, मग शब्दाचा अर्थ लावा. मूळ खेळाच्या 1974 च्या तीन पुस्तिका, 1975 ची 'ग्रेहॉक' पुरवणी, नवशिक्यांसाठीची 1977 ची बेसिक पेटी, 1977 ते 1979 मधली 'ॲडव्हान्स्ड' या विस्तृत आवृत्तीची तीन पुस्तकं आणि 1981 ची नवी बेसिक, एवढे टप्पे डोक्यात हवेत. 'ड्रॅगन' जून 1976 मध्ये सुरू झालं, म्हणजे त्याचे सुरुवातीचे अंक पहिल्या दोन टप्प्यांवरच उभे आहेत.

'लेव्हल'चं दुखणं खुद्द कर्त्यालाही माहीत होतं. 1978 च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये गॅरी गायगॅक्स यांनीच लिहिलंय की हा एकच शब्द चार गोष्टींना लागतो: पात्राची, मंत्राची, मॉन्स्टरची आणि भुयाराची लेव्हल. पात्राला रँक, मंत्राला पॉवर, मॉन्स्टरला ऑर्डर म्हणायचा विचार झाला होता, पण तोवर 'लेव्हल' तोंडात बसलेला, म्हणून बेत सोडला. मराठीत ही संधी फुकट मिळते आहे, ती घ्या. पात्राची पायरी, मंत्राची श्रेणी, मॉन्स्टरचा दर्जा, भुयाराचा मजला.

वेगळे शब्द घेतले नाहीत तर काय होतं? पाचव्या लेव्हलच्या मांत्रिकाला पाचव्या लेव्हलचे मंत्र येतात असं वाचक धरून चालतो. त्या पायरीवर येते तिसरी श्रेणी, म्हणजे फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र वगैरे. पाचवी श्रेणी नवव्या पायरीवर. आणखी एक: 1974 मध्ये मांत्रिकाच्या श्रेण्या सहाच होत्या, 'ग्रेहॉक'पासून नऊ झाल्या. जुन्या लेखातला 'सर्वोच्च श्रेणीचा मंत्र' म्हणजे सहावी की नववी, हे तारखेवरूनच ठरतं.

पंचनामा
बाकी पटलं, 'मजला' सोडून. आपल्याकडे तिसरा मजला म्हटलं की माणूस जिना चढतो. इथे तिसरी लेव्हल जमिनीखाली आहे, आणि जितकं खाली तितका धोका जास्त. 'थर' घ्या. 'भुयाराचा तिसरा थर' म्हटल्यावर वर बघायला कोणी जाणार नाही.

भुयारी
थर पक्का. टर्नला 'पाळी' म्हणू का?

पंचनामा
नको. खेळात पाळी म्हणजे 'आता तुझी पाळी'. इथला टर्न हे वेळेचं माप आहे, 10 मिनिटांचं. 'घटका' सुचेल, पण ती 24 मिनिटांची, आणि पंचांग बघणारा वाचक लगेच हटकेल. टर्नच राहू द्या, पहिल्यांदा येईल तिथे '10 मिनिटांचा टर्न' लिहा. राउंडला, म्हणजे लढाईतल्या वेळेच्या छोट्या मापाला, मात्र 'फेरी' चपखल बसतो.

घोळ फेरीच्या लांबीत आहे. ॲडव्हान्स्डमध्ये फेरी 1 मिनिटाची, टर्नमध्ये 10 फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीचे 6-6 सेकंदांचे 10 सेगमेंट. बेसिकमध्ये फेरी 10 सेकंदांची. 'मंत्राचा परिणाम 6 फेऱ्या टिकतो' याचा अर्थ एका लेखात 6 मिनिटं आणि दुसऱ्यात 1 मिनिट. म्हणून भाषांतरात मिनिटं करून टाकू नका. फेऱ्याच ठेवा आणि लेख कोणत्या नियमांचा आहे ते वर एका ओळीत सांगा.

टर्नचं महत्त्व मशालीवरून कळतं. मशाल 6 टर्न जळते, म्हणजे तासभर. 1974 च्या नियमात दर टर्नला एक सहाफलकी फासा टाकायचा, 6 पडला की भटका मॉन्स्टर समोर. एका मशालीत 6 वेळा फासा, म्हणजे किमान एक गाठ पडण्याची शक्यता सुमारे 66 टक्के. 1981 च्या बेसिकमध्ये दर 2 टर्नला एकदा, 1 पडला तर. तीच मशाल, शक्यता सुमारे 42 टक्के. पहिल्या हिशोबाने लिहिलेलं भुयार दुसऱ्या नियमांनी खेळवलं की मिळमिळीत वाटतं, आणि दोष बिचाऱ्या लेखकाला जातो.

रद्दीवाली
इंचाबद्दल कोणीच बोललं नाही, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

हा इंच टेबलावरच्या युद्धखेळातून आलेला, पट्टीने मोजायचा. भुयारात 1 इंच म्हणजे 10 फूट, उघड्यावर 1 इंच म्हणजे 10 यार्ड. '9 इंच' वेगाचा प्राणी आत 90 फूट जातो, बाहेर 90 यार्ड, म्हणजे 270 फूट. आकड्यापुढे दोन तिरक्या रेघा असतात त्या स्कॅनमध्ये पुष्कळदा पुसट होतात, मग '9' नुसताच उरतो आणि कोणी तो फूट म्हणून वाचतं.

खरी मेख मंत्रांत आहे. ॲडव्हान्स्डमध्ये मंत्राचा पल्ला बाहेर यार्डांत बदलतो, पण त्याने व्यापलेली जागा फुटांतच राहते. फायरबॉलचा पल्ला 10 इंच, अधिक पायरीमागे 1 इंच. पाचव्या पायरीला 15 इंच, आत 150 फूट, बाहेर 450 फूट. त्रिज्या 2 इंच, ती आत-बाहेर दोन्हीकडे 20 फूटच. ती यार्डांत नेली तर 60 फूट होते आणि घनफळ 27 पट. एका मंत्रात अख्खी फौज भाजून निघेल.

आणि आत काय होतं बघा. 20 फूट त्रिज्येच्या गोळ्याचं घनफळ सुमारे 33,500 घनफूट. हा जाळ मिळेल तेवढी जागा भरत जातो. 10 फूट रुंद, 10 फूट उंच बोळात 10 फुटी घनाचे साधारण 33 तुकडे भरतील, म्हणजे एकूण 330 फूट लांबी. बोळ बंद असेल तर तो जाळ मंत्र टाकणाऱ्यावरच उलटतो. जुन्या लेखांत 'बोळाचं माप आधी घ्या' असा धोशा दिसतो त्याचं कारण हे. तेव्हा भाषांतरात 'इंच' ठेवा, चुकूनही सेंटिमीटर करू नका.

भुयारी
अलाइनमेंटला, म्हणजे पात्र कोणत्या बाजूचं हे सांगणाऱ्या शब्दाला, 'कल' चालेल का? चांगुलपणाकडे कल, वाईटाकडे कल.

रद्दीवाली
नंतरच्या लेखांत चालेल, 1974-75 च्या नाही. तेव्हा लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस असे तीनच रकाने होते, कोण कोणाच्या बाजूने लढेल याचे. एकाच प्राण्याचं नाव दोन रकान्यांतही सापडतं. तिथे 'पक्ष' म्हणा. फेब्रुवारी 1976 च्या 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू'त गायगॅक्स यांचा लेख आला, त्यात चांगलं-वाईट हा दुसरा अक्ष आडवा घातला आणि तक्ताच काढून दिला. पक्षाचा स्वभाव झाला तो तिथे. 1978 पर्यंत नऊ प्रकार. तिथून पुढे 'वृत्ती' म्हणा. 'कल' जरा मवाळ वाटतो, कारण वृत्ती मोडली तर ॲडव्हान्स्डमध्ये पात्राला चक्क दंड आहे.

चतुष्फलक
हिट डाइसला, म्हणजे कोणात किती जीव हे ठरवणाऱ्या फाशांना, 'प्राणफासे' म्हणता येईल. '4+1' म्हणजे चार फासे आणि एकूण बेरजेत 1. दर फाशाला 1 नव्हे. फासा कोणता? 1974 मध्ये सहाफलकी, 'ग्रेहॉक'पासून मॉन्स्टरना अष्टफलकी. त्याच '4+1' ची सरासरी आधी 15, नंतर 19.

आर्मर क्लासमध्ये, म्हणजे चिलखताच्या आकड्यातही, एकाचा फरक आहे. आकडा जितका कमी तितकं चिलखत भक्कम. चिलखत नसलेला माणूस मूळ खेळात आणि बेसिकमध्ये 9, ॲडव्हान्स्डमध्ये 10. आजच्या चढत्या आकड्यात आणायचं तर ॲडव्हान्स्डच्या लेखात 20 मधून वजा करा, मूळ खेळाच्या किंवा बेसिकच्या लेखात 19 मधून. सरसकट 20 वापरलं की जुने मॉन्स्टर एका घराने जास्त चिवट होतात. 'थॅको' (आर्मर क्लास 0 वर वार लागायला लागणारा आकडा) दिसला तर त्यातून समोरच्याचा आर्मर क्लास वजा करायचा, येईल तेवढं किंवा जास्त विसाच्या फाशावर पडायला हवं. 18 उणे 5, 13. क्लास उणे 2 असेल तर 18 उणे उणे 2, म्हणजे 20. इथे 16 लिहून मोकळे होणारे पुष्कळ.

पंचनामा
सेव्हिंग थ्रोसाठी, म्हणजे विष, मंत्र अशा धोक्यातून वाचायला टाकायच्या फाशासाठी, आपल्याकडे तयार शब्द आहे. सारीपाटात फासे 'टाकतात' आणि दान 'पडतं'. 'बचावाचं दान'. 'विषाविरुद्ध बचावाचं दान पडलं नाही' हे वाक्य कानाला खटकत नाही.

कॅम्पेनला 'मोहीम' सरळ वाटतं, पण जपून. 1974 च्या पुस्तिकेत एका कॅम्पेनमध्ये 4 ते 50 खेळाडू चालतील असं लिहिलंय, साधारण 20 जणांमागे एक रेफरी, म्हणजे खेळ चालवणारा. ते आलटून पालटून येणार, हे उघड आहे. म्हणजे कॅम्पेन हे सगळं जग झालं आणि एका बैठकीतली स्वारी ही मोहीम. त्या काळच्या लेखांत कॅम्पेन तसंच ठेवा. रेफरीला 'पंच' करा. 'डंजन मास्टर' त्या पुस्तिकांत नाही, नंतर रूढ झाला.

भुयारी
उरले दोन. 'इकॉलॉजी ऑफ' या लेखमालेचं काय करायचं, आणि 'मॉन्टी हॉल'?

रद्दीवाली
'इकॉलॉजी'ला पर्यावरण लिहू नका. 'ड्रॅगन'च्या 72 व्या अंकात, एप्रिल 1983 मध्ये, गुहेच्या छतावरून दगडी सुळक्यासारखा खाली पडणाऱ्या पिअर्सरपासून ही माला सुरू झाली. तो खातो काय, वाढतो कसा, असा मजकूर. 'जीवनचर्या' बसेल.

पंचनामा
मॉन्टी हॉल हे अमेरिकन टीव्हीवर बक्षिसं वाटणाऱ्या सूत्रधाराचं नाव. खेळाडूंनी त्यातल्या 'हॉल'चं स्पेलिंग बदलून घबाड असा अर्थ केला: पहिल्याच थरात जादूच्या तलवारी वाटणारा पंच. कोटी मराठीत येणार नाही, अर्थ येईल. 'खिरापतीचा डाव' लिहा.

भुयारी
घेतला. एक शेवटचं: 1976 च्या अंकात 'शेकड्यासाठी दोन विसाचे फासे टाका' असं आहे. छपाईची चूक?

चतुष्फलक
चूक नाही. तेव्हाच्या वीसफलकी फाशावर 0 ते 9 हे अंक दोनदा असत. शेकड्यासाठी दोन रंगांचे फासे घ्यायचे, दशक कोणता ते टाकण्याआधी ठरवायचं, 00 म्हणजे 100. विसासाठी अर्ध्या अंकांच्या खाचांत एका रंगाचा खडू घासायचा, उरलेल्यांत दुसरा. एका रंगात 10 मिळवायचे. आजचा 1 ते 20 चा फासा हाताशी असेल तर शेकड्यासाठी फक्त एककाचा अंक वाचा: 17 पडला तर 7, 20 पडला तर 0.