विषय: भाऊ खूप खचलाय, कुणी मार्ग सांगेल का

नमस्कार मंडळी,
नाव न देता लिहितेय, अॅडमिनना सांगितलंय. धाकटा भाऊ माझ्याकडे राहतो. दोन महिने झाले धड झोप नाही, अंघोळीलाही उठवावं लागतं, मित्रांचे फोन घेत नाही आणि काल रात्री एकदम म्हणाला की ताई, मी नसतो तर तुमच्या डोक्याचा ताप तरी कमी झाला असता. मी घाबरून विषय बदलला. तेव्हापासून पोटात गोळा आलाय. विचारावं तर वाटतं मीच ते त्याच्या डोक्यात भरवेन. आई फोनवर म्हणते बाहेर ने, मन रमेल. थेरपिस्टची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळालीय. तोवर काय करू?

---

उत्तर:
अगं, वयाने मोठी असेन म्हणून अगं म्हणते. मीही विषयच बदलायचे, माझ्या मुलाच्या वेळी. मला वाटायचं त्याला सावरतेय, पण त्याला एवढंच कळलं की आईला हे ऐकवत नाही, आणि तो आणखी मिटून गेला.

आजच विचार. आत्महत्येचे विचार येतात का, हेच शब्द वापर. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट बऱ्याच जणांना हायसं वाटतं. 'असलं काही मनात येत नाही ना' असं मात्र विचारू नकोस, त्या 'ना'मध्येच उत्तर येऊन जातं, समोरचा नाही म्हणून गप्प बसतो. हो म्हणाला तर कसं, कधी असं काही ठरवलंय का तेही विचार. ठरवलं असेल तर थेरपिस्टच्या तारखेची वाट बघायची नाही, एकटं सोडायचं नाही, सरळ इमर्जन्सीत न्यायचं.

घरातली सगळी औषधं आजच कुलपात टाक, तुझ्या डोकेदुखीच्या गोळ्यासुद्धा. ती टोकाची लाट पुष्कळदा काही तासांत ओसरते, तेवढा वेळ हाताशी काही नसलं की माणूस वाचतो.

अमेरिकेत किंवा कॅनडात असशील तर ९८८ ला, म्हणजे आत्महत्येच्या विचारांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन किंवा मेसेज कर, २४ तास असतात, आणि त्यानेच करायला हवा असं नाही, काय करू हे विचारायला तू करू शकतेस. तारखेपर्यंत नेहमीच्या डॉक्टरांना गाठ, औषध तेही सुरू करू शकतात. पण एक लक्षात ठेव, डिप्रेशनच्या गोळ्यांनी मळमळ, बेचैनी आधी येते आणि गुण दिसायला काही आठवडे लागतात, आमच्याकडे दहाव्या दिवशीच मुलाने गोळ्या टाकून दिल्या होत्या. मनाने बंद करायच्या नाहीत. पंचविशीच्या आतला असेल तर सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढूही शकतात, तेव्हा जास्त लक्ष ठेव.

आईवर चिडू नकोस गं, ती लांबून घाबरलीय. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात, तो तिला दे. तिलाही कुणाशी तरी बोलायला हवंच आहे.

आणि एक कागद घेऊन दोघं बसा. बिघडायला लागलं की आधी काय जाणवतं, एकट्याने काय केलं की थोडं निभतं, कुणाला फोन करायचा, शेवटी कुठे जायचं, सगळं त्याच्या शब्दांत.

---

उत्तर:
काकू, विचारलं. 'आत्महत्या' म्हणताना आवाज फुटत नव्हता. तो हो म्हणाला, ठरवलं वगैरे काही नाही म्हणाला, आणि मग किती दिवसांनी रडला. ९८८ ला आम्ही स्पीकरवर बोललो, उद्या सकाळी डॉक्टरांकडे जातोय. औषधांचा डबा शेजारच्या वहिनींकडे ठेवलाय.

कागद अर्धाच झालाय. पहिली ओळ त्यानेच सांगितली, 'ताईने हाक मारल्यावर ओ दिली नाही, तर दार उघडून आत यायचं.' आज मी गादी त्याच्याच खोलीत टाकलीय.