वेल्स कॅथेड्रलचा दर्शनी भाग वॉटरकलरमध्ये करतोय, सावली कुठून टाकू?

नवीपेठकर: मंडळी, इंग्लंडमधल्या वेल्स कॅथेड्रलच्या वेस्ट फ्रंटचं एलिव्हेशन (समोरून सपाट दिसणारं मापाचं चित्र) करायलोय, १:२०० स्केलला. पेन्सिलचं काम झालंय पण रंगाला हात लावायचा धीर होईना. तेराव्या शतकातल्या ३०० च्या आसपास मूर्ती आहेत हो त्याच्यावर, कोनाड्या-कोनाड्यात! कॉलेजात शिकवली तशी डावीकडून ४५ अंशातली सावली पेन्स ग्रेनं (निळसर काळपट रंग) टाकून बघितली तर ट्रायल शीटवर नुसता चिखल, त्यात आपलं सोलापूरचं ऊन, वॉश (पातळ रंगाचा सलग थर) निम्म्यावर येईस्तोवर वरची कड वाळून रेघ उमटते. काय करू?

होटगीरोडवाला: मूर्तींचं नाक-डोळे काढत बसू नको बे. त्या स्केलला एक मूर्ती जेमतेम सेंटीमीटरभर. कोनाडा गडद कर, मूर्ती फिकी सोड, आपोआप पुढं येते. आणि पेन्स ग्रे ठेव बाजूला, तो दगड डोल्टिंगचा आहे, पिवळसर चुनखडी, आपल्या किल्ल्यासारखा काळा नाही. आधी सगळीकडं पातळ यलो ऑकर (मातकट पिवळा), सावलीला अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी).

पेन्सिल_आणि_पट्टी: सावली कुठल्या बाजूनं, ते कुणी बोललंच नाही. दर्शनी भाग पश्चिमेला आहे, म्हणजे समोर उभं राहिलं की उत्तर आपल्या डाव्या हाताला. डावीकडून ४५ अंशात ऊन म्हणजे सूर्य वायव्येला आणि बऱ्यापैकी वर, वेल्स ५१ अक्षांशावर, तिथं हे जन्मात घडत नाही! उन्हाळ्यात सूर्य वायव्येला जातो खरा, पण तोवर मावळायलाच टेकलेला असतो. दुपारचं ऊन नैऋत्येचं, म्हणजे उजवीकडून. (सोलापुरात जूनमध्ये दुपारचा सूर्य उत्तरेला कलतो, त्यामुळं आपल्याला डावीकडची सावली खटकत नाही.)

नवीपेठकर: पण सर लोक डावीकडूनच मागतात की.

पेन्सिल_आणि_पट्टी: मेजर्ड ड्रॉइंग (इमारतीची मापं घेऊन काढलेलं) असेल तर द्या डावीकडून, तो नियमच आहे, सावलीच्या लांबीवरून खोली मोजता येते म्हणून. भिंतीवर लावायला असेल तर उजवीकडून.

होटगीरोडवाला: आणि वॉश सकाळी सहाला टाक, पंखा बंद, बोर्ड जरा उतरता, वॉशच्या खालच्या कडेला रंगाच्या पाण्याचा थेंब सतत भरलेला ठेवायचा, मधेच चहाला उठायचं नाही.

नवीपेठकर: भिंतीवरच लावायचंय. उजवीकडून टाकतो मग.