मदत हवी आहे: पुस्तक म्हणतं दोन्ही चेंडू एकदमच पडतील, आमचा हलका चेंडू मात्र दरवेळी मागे राहतो

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी यंदा दहावीत आहे. विज्ञानाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. पडणाऱ्या वस्तूचं त्वरण, म्हणजे तिचा वेग वाढण्याचा दर, तिच्या वस्तुमानावर अवलंबून नसतं हे वाचल्यावर तिला ते करून बघायचंच होतं. घरात क्रिकेटचा लेदरचा चेंडू होता, साधारण त्याच आकाराचा प्लास्टिकचा पोकळ चेंडू बाजारातून आणला. वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजनं केली: १६० ग्रॅम आणि १५ ग्रॅम.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, म्हणजे दोरीने मोजून ६ मीटरवरून, तिने दोन्ही चेंडू एकदम सोडले. खाली कोणी येत नाही ना हे बघत मी उभी होते आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग करत होते. क्रिकेटचा चेंडू फरशीला टेकतो त्या फ्रेममध्ये प्लास्टिकचा अजून दोन-सव्वादोन फूट वर आहे! एखादा हात आधी सुटत असेल म्हणून हात बदलून पाहिले. आठ वेळा केलं, आठही वेळा हलकाच मागे.

शाळेत दाखवल्यावर "तुझा प्रयोग चुकला, पुस्तकात आहे ते लिही" असं उत्तर मिळालं. पोर हिरमुसली आहे. मला स्वतःला शास्त्र फारसं येत नाही, पण तिने डोळ्यांनी पाहिलेलं खोटं आहे असं तिला सांगायला माझी जीभ रेटत नाही. तिचं नेमकं काय चुकलं? की काहीच चुकलं नाही? वहीत काय लिहावं तिने?

प्रतिसाद १

ताई, तिचं काहीही चुकलेलं नाही, हे तिला आधी सांगा. हात बदलून आठ वेळा करून बघणं हीच तर प्रयोगाची शिस्त आहे.

पुस्तकही बरोबर आहे. त्या वाक्याला एक अट जोडलेली असते: वस्तूवर फक्त गुरुत्वाकर्षणाचं बल असलं पाहिजे. मुक्त पतन म्हणतात ते हेच, आणि ते निर्वातातच, म्हणजे जिथे हवाच नाही तिथेच, शक्य आहे. तुमच्या गॅलरीखाली ६ मीटर हवा आहे.

आता आकडे बघा. दोन्ही चेंडू सारख्याच आकाराचे, त्यामुळे सारख्या वेगाला हवा दोघांनाही जवळपास सारखंच अडवते. चेंडू आत भरीव आहे की पोकळ, हे हवेला कुठे कळतं? सेकंदाला ५ मीटर वेग असताना हा विरोध ढोबळमानाने ०.०३ न्यूटन येतो (न्यूटन हे बल मोजायचं एकक). क्रिकेटच्या चेंडूला पृथ्वी खाली ओढते सुमारे १.५७ न्यूटन बलाने, म्हणजे हवा त्याच्या वजनाचा पन्नासावा भाग खाते. प्लास्टिकच्या चेंडूचं वजनच ०.१५ न्यूटन, त्यातला पाचवा भाग हवेनेच खाल्ला. वेग वाढेल तसा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून अंतर शेवटी शेवटी जास्त पडतं.

मी गणित करून पाहिलं. निर्वातात ६ मीटरला दोघांनाही १.११ सेकंद लागले असते. हवेत क्रिकेटच्या चेंडूला जवळपास तेवढेच, प्लास्टिकच्याला सुमारे १.२०. फरक ०.०८ सेकंदाच्या आसपास, आणि तेवढ्या वेळात तो चेंडू कापणार दोन-सव्वादोन फूटच. तिचं मोजमाप किती छान जुळलंय बघा!

धागाकर्ती

दादा, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला, गडी एकदम खुलला. पण तिचा लगेच पुढचा प्रश्न: हवा काढून टाकली तरी जड चेंडूला पृथ्वी जास्त जोराने ओढतेच ना? मग तो पुढे का जात नाही?

प्रतिसाद १

ओढते ना, जवळपास अकरापट. पण त्याला हलवायलाही अकरापट जोर लागतो. भरलेली हातगाडी आणि रिकामी हातगाडी ढकलून बघायला सांगा. ओढ आणि जडपणा एकाच प्रमाणात वाढतात, भागाकार तोच राहतो: ९.८, म्हणजे दर सेकंदाला वेग सेकंदाला ९.८ मीटरने वाढतो.

प्रतिसाद २

यात गॅलिलिओचा युक्तिवाद मला फार आवडतो. समजा जड वस्तू खरंच लवकर पडते. आता जड दगडाला हलका दगड दोरीने बांधा. हलका मागे रेंगाळणार, म्हणजे जडाला मागे खेचणार, जोडी हळू पडणार. पण जोडीचं एकत्र वजन तर जास्त, म्हणजे ती आणखी लवकर पडायला हवी. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, म्हणून मूळ समजूतच चुकीची. एकही दगड न टाकता!

आणि निर्वातातला प्रयोग तिला बघायचाच असेल तर अपोलो १५ या चांद्रमोहिमेचा व्हिडिओ दाखवा. २ ऑगस्ट १९७१ ला अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभं राहून एका हातातून १.३२ किलोचा हातोडा आणि दुसऱ्यातून ससाण्याचं पीस सोडलं. दोन्ही एकदमच मातीला टेकतात. तिथे हवाच नाही.

घरी करायचं तर वहीवर कागदाचा छोटा कपटा ठेवून वही आडवी सोडा. कपटा वहीबरोबरच खाली येतो.

प्रतिसाद ३

वहीचा प्रयोग करा, पण पुरावा म्हणून लिहू नका. वही खालची हवा बाजूला सारते आणि तिच्या पाठीमागची हवाही तिच्याबरोबर खाली येते, त्यामुळे कपट्याला हवेचा खरा सामनाच करावा लागत नाही. परीक्षकाने हे विचारलं तर पोर अडकेल.

त्यापेक्षा केकचे पातळ कागदी कप आणा. एक कप सोडला की लगेच त्याचा वेग वाढायचा थांबतो आणि तो एकाच चालीने खाली येतो, कारण हवेचा विरोध वजनाइतका झालेला असतो. हीच टर्मिनल व्हेलॉसिटी. पावसाचे थेंबही याच कारणाने लागत नाहीत: २ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटरनेच जमिनीवर येतो. हवा नसती तर २ किलोमीटरवरून तोच थेंब ताशी ७०० किलोमीटरच्या वर गेला असता.

आता चार कप एकात एक बसवा. आकार तोच, वजन चौपट. विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वेग दुप्पट. एक कप १ मीटरवरून आणि चार कप २ मीटरवरून एकाच क्षणी सोडा. काय होतं ते सांगत नाही, तिलाच बघू द्या.

धागाकर्ती

आत्ताच केलं! पंखा बंद, खिडक्या बंद, मी स्टुलावर चार कप घेऊन आणि ती खाली एक कप घेऊन. पहिल्या दोन वेळा कप कलंडले, मग जमलं. फरशीवर दोन्ही बरोबरच, टप् असा एकच आवाज. तिने पाच वेळा करायला लावलं.

वहीत ती आता दोन्ही लिहितेय: आधी पुस्तकातला नियम त्याच्या अटीसकट, खाली तिचे आठ आकडे आणि मागे राहिलेल्या चेंडूचं अंतर. मोबाइलमधल्या त्या फ्रेमचं प्रिंटआउट काढायला उद्या सकाळी जातोय. तिघांचेही मनापासून आभार.