ऑनलाइन पालक-प्रशिक्षणातून पालक तिसऱ्या आठवड्यातच का गळतात?

प्रश्न : माटुंग्याची कार्यकर्ती

मी मुंबईतील एका छोट्या संस्थेत काम करते. हट्ट, मारामारी, उलट बोलणे, एक गोष्ट दहादा सांगूनही न ऐकणे अशा तक्रारी असलेल्या तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आम्ही सहा आठवड्यांचा ऑनलाइन कार्यक्रम तयार केला. दर आठवड्याला वीस मिनिटांचा एक व्हिडिओ, त्यावर पाच प्रश्नांची चाचणी आणि शेवटी प्रमाणपत्र अशी त्याची रचना आहे. पहिला आठवडा मुलांच्या मेंदूविकासाचा, दुसरा नियम आखण्याचा, तिसरा हट्टाकडे दुर्लक्ष कसे करावे याचा, आणि कौतुक व एकत्र खेळ हे विषय पाचव्या आठवड्यात येतात.

भायखळा, परळ आणि कुर्ला येथील पालकांचा पहिला गट नुकताच संपला. सुरुवातीला रात्री अकरापर्यंत शंका येत होत्या. तिसऱ्या आठवड्यानंतर मात्र गटावर सुप्रभातचे संदेश तेवढे उरले. माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे की कार्यक्रम रंजक नाही, त्यात गुण, पदके आणि कार्टून घालावे. मला ते पटत नाही, परंतु त्याऐवजी काय करावे हेही सुचत नाही. हे काम केलेल्यांनी किंवा अशा कार्यक्रमातून मध्येच बाहेर पडलेल्यांनी कृपया लिहावे.

उत्तर : परळची समुपदेशिका

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला आपल्याच वेळापत्रकात दिसते आहे. अमेरिकेतील ओरेगॉन येथे मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत बसून पालक आणि मुलांची भांडणे नोंदवली आणि त्यातून जे चक्र मांडले, ते आपल्याकडे कोणत्याही इमारतीखालच्या वाण्याच्या दुकानात पाहायला मिळते. मूल वेफर्स मागते, आई नाही म्हणते, मूल भोकाड पसरून जमिनीवर लोळते, चार लोक वळून पाहतात आणि आई पुडा हातात देते. मुलाला पुडा मिळाला, आईला शांतता मिळाली. त्या दोन मिनिटांत बक्षीस दोघांनाही मिळाले, म्हणून तोच प्रसंग उद्या पुन्हा घडतो.

आता तिसऱ्या आठवड्यात आपण त्या आईला सांगता की दुर्लक्ष करा. ती करते, आणि दहा मिनिटे रडणारे मूल त्या दिवशी पंचवीस मिनिटे रडते, वर भांडीही फेकते. आजवर चाललेला उपाय अचानक चालेनासा झाला की मूल आधी तो जोर लावून वापरून पाहते, ही वर्तनशास्त्रातील जुनी आणि पक्की गोष्ट आहे. काही दिवस टिकून राहिल्यास रडणे ओसरते. पण हे आईला कोणी आधी सांगितलेले नसते. चाळीतल्या भिंतीतून आवाज शेजारी जातो, सासूबाई म्हणतात, ‘अगं, पोराला किती रडवशील?’ आणि ती पंचविसाव्या मिनिटाला पुडा देते. म्हणजे मूल शिकते की दहा मिनिटे पुरत नाहीत, पंचवीस लागतात. आपल्या कार्यक्रमाने तिची अडचण वाढवली, असा तिने निष्कर्ष काढला तर तिची चूक काय? अशा वेळी तिला पदक दिले तर तिला तो अपमानच वाटेल.

मी तीन बदल सुचवीन. पहिला क्रमाचा. मानसशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी पालक-प्रशिक्षणाची दोन टप्प्यांची जी पद्धत घालून दिली, तिच्यावर आधारलेल्या बहुतेक कार्यक्रमांत आधी खेळ आणि नाते येते, शिस्त नंतर. शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत पालक मुलाशी खेळतात, समुपदेशक एका बाजूने आरपार दिसणाऱ्या आरशामागून पाहतो आणि कानातल्या यंत्रातून तिथल्या तिथे सुचवतो. पाच मिनिटांच्या खेळात नेमके कौतुक किमान दहा वेळा करायचे, आणि प्रश्न, हुकूम व टीका मिळून तीनपेक्षा कमी ठेवायच्या, ही पुढे जाण्याची एक अट असते. घरी रोज पाच मिनिटे तोच खेळ. कौतुकाची सवय नसलेल्या घरात दुर्लक्ष आधी शिकवले, तर मुलाच्या वाट्याला केवळ दुर्लक्षच येते.

दुसरा बदल सरावाचा. अशा कार्यक्रमांच्या ७७ मूल्यमापनांचा एकत्रित अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्या कार्यक्रमांनी पालकांना सत्रातच स्वतःच्या मुलाबरोबर सराव करायला लावला, त्यांचा परिणाम अधिक आढळला. आपली पाच प्रश्नांची चाचणी पालकाला काय आठवते एवढेच तपासते.

तिसरा फोनचा. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या गटाने चार वर्षांच्या ४६४ मुलांच्या पालकांवर इंटरनेटद्वारे केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. अकरा आठवड्यांचा कार्यक्रम आणि त्याला जोडून प्रशिक्षकाचे नियमित फोन अशी त्याची रचना होती, आणि मुलांच्या त्रासदायक वर्तनात घट दिसली. आपल्याकडे दर आठवड्याला फोन परवडणार नाही हे मी जाणते. मग निदान दुर्लक्षाचा धडा दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक फोन करा, आणि पहिला प्रश्न ‘रडणे किती वाढले?’ हाच विचारा. वाढले, हे अपेक्षितच होते, असे त्या क्षणी कोणीतरी म्हणणे फार मोलाचे असते.

उत्तर : आठ बेचाळीसची लोकल

मी अशाच एका कार्यक्रमातून बाहेर पडलेली आई आहे, म्हणून लिहिते. मला व्हिडिओसाठी मिळणारा वेळ म्हणजे महिलांच्या डब्यातला, तोही उभ्याने, एका हाताने वरची कडी धरून. नेटवर्क मध्येच जाते, व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. वीस मिनिटांचा एक भाग मी चार दिवस पाहत होते. याउलट त्याच कार्यक्रमातली दोन मिनिटांची एक ध्वनिफीत मी कणीक मळताना तीनदा ऐकली आणि ती आजही आठवते.

दुसरे, त्या व्हिडिओतल्या घराला हॉल होता. मुलाला शांत व्हायला कोपऱ्यात बसवा, असे त्यातल्या बाई सांगत होत्या. आमची खोली दहा बाय बाराची आहे; एका कोपऱ्यात देव्हारा, एकात शिलाई मशीन, एकात मोरी आणि चौथ्यात सासूबाईंचा पलंग. मी त्याला पलंगाजवळ बसवले, तर आजीने दोन मिनिटांत त्याला मांडीवर घेऊन लाडू दिला. यात आजींची चूक नव्हती; त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. आपला कार्यक्रम आईच्या फोनवर येतो, पण दिवसभर मूल आजीकडे असते, हे आपण लक्षात घ्यावे. माझ्या यजमानांनीही एकच भाग पाहिला, कारण प्रत्येक संदेश ‘प्रिय माता’ असा सुरू होत असे.

तिसरे भाषेचे. ‘मला दिसते आहे की तुला राग आला आहे,’ असे मी मुलाला म्हणाले, तेव्हा तो रडायचा थांबून माझ्याकडे टकमक पाहत राहिला, कारण आमच्या घरात असे कोणी बोलत नाही. ‘चिडलास ना? ये इकडे,’ हे आम्ही म्हणतो. कौतुकाचेही तसेच. ‘शहाणं गं माझं बाळ’ हे आमच्या तोंडात असते, पण त्यातून त्याला नेमके काय जमले ते कळत नाही. ‘चपला जागेवर ठेवल्यास, बरं वाटलं मला,’ हे वाक्य मला सुचायला आठवडा लागला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने माझ्याही चपला उचलून ठेवल्या. सारखे कौतुक केले की नजर लागते किंवा मूल डोक्यावर बसते, असे आमच्याकडे मोठ्यांचे मत आहे. त्याला हसण्यापेक्षा त्याचे उत्तर कार्यक्रमात द्यावे.

उत्तर : ध्वनिमुद्रण करणारा

वरील दोन्ही उत्तरांना पुस्ती जोडतो. मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांच्या पालक-प्रशिक्षण कार्यक्रमात छोटी दृश्ये दाखवून पालकांना त्यावर बोलते केले जाते, आणि दृश्यातले सगळेच पालक आदर्श वागतात असे नाही. आपल्याकडचे व्हिडिओ याच ठिकाणी मार खातात, कारण त्यातील आई इस्त्री केलेली साडी नेसून पहिल्याच प्रयत्नात यशस्वी होते. एक प्रसंग चुकलेला दाखवा, मग थांबून विचारा की, तुम्ही इथे काय केले असते. पालकांना उत्तर आवाजी संदेशातून देऊ द्या, टंकायला लावू नका.

एक मतभेदही नोंदवतो. कोपऱ्यात बसवणे मुंबईत शक्य नाही म्हणून ते वगळावे, असा सूर वरच्या उत्तरातून निघू शकतो, तो मला मान्य नाही. त्यात कोपऱ्याला महत्त्व नाही. दोन-तीन मिनिटे कोणी बोलायचे नाही, खेळायचे नाही, याला महत्त्व आहे. उंबरठ्यावरची पायरीसुद्धा पुरते. मात्र ते आजींसकट घरातल्या सगळ्यांना आधी ठाऊक हवे.

पुन्हा : परळची समुपदेशिका

पायरीचे मान्य, पण आधीच्या आठवड्यांत खेळ झालेला असेल तरच. शिवाय नोंदणीच्या वेळी फोनवर दहा मिनिटे बोलून घ्या. ज्या घरात आईलाच मारहाण होते, जिथे मूल बोलायला फार उशिरा लागले आहे किंवा स्वतःला इजा करते, तिथे व्हिडिओ पुरेसे नाहीत. तिथे बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचार विभागाकडे पाठवावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ हे क्रमांक पहिल्याच संदेशात द्यावेत.

पुन्हा : माटुंग्याची कार्यकर्ती

सर्वांची आभारी आहे. काल रात्री आमच्या नोंदी पुन्हा वाचल्या. कुर्ल्यातील एका आईने तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारी लिहिले होते, ‘ताई, हा आता जास्तच करायला लागला आहे.’ त्यावर आमच्याकडून गेलेला संदेश होता, ‘चाचणी पूर्ण करायला विसरू नका.’ तो मीच पाठवला होता.

पुढच्या गटात चाचणी आणि प्रमाणपत्र काढून टाकत आहोत. खेळाची पाच मिनिटे पहिल्या आठवड्यात येतील, दुर्लक्षाचा धडा चौथ्यात, आणि प्रत्येक भाग तीन मिनिटांच्या ध्वनिफितीचा असेल. एक ध्वनिफीत आजी-आजोबांसाठी वेगळी. अडचण फोनची आहे. आम्ही तिघीच आहोत आणि पालक तीसेक. पहिल्या गटात शेवटपर्यंत टिकलेल्या चार-पाच आयांनाच थोडे प्रशिक्षण आणि मानधन देऊन फोन करायला सांगावे, असा विचार आहे. एकाच वस्तीतील बाईने फोन केला तर घरची गोष्ट बाहेर जाईल, अशी भीती पालकांना वाटेल का? भायखळ्याच्या आईने कुर्ल्याला आणि कुर्ल्याच्या आईने परळला फोन करावा, असे कोणी करून पाहिले असल्यास कृपया कळवावे.