मदत हवी आहे: लेकीसाठी आणि आईसाठी पुस्तकं सुचवा (ठाणे)

नमस्कार मंडळी, आम्ही नौपाड्यात राहतो. लेक दहा वर्षांची, ‘फास्टर फेणे’ची पारायणं झालीत. ऐरोलीला खाडीतले रोहित पक्षी बघून आल्यापासून तिला ‘खरंखुरं’ वाचायचंय. ते चिखलातून नेमकं काय वेचून खातात, गुलाबी कशामुळे होतात, कच्छहून इथे का येतात? मराठीत अशी पुस्तकं आहेत का? भाषा सोपी हवी, पण माहिती पातळ केलेली नको. मुलांना खूप कळतं.

आईला मोठ्या अक्षरातल्या कादंबऱ्या हव्यात, रडक्या नकोत. मला कुठलंही चांगलं प्रवासवर्णन चालेल.

१८९३ पासूनच्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचं सभासद व्हायचा विचार आहे. तिथे मुलांसाठी पुस्तकं कशी आहेत? पुस्तकाचं नाव लेखकासकट सांगा, प्लीज.