'सेकंडरी' म्हणजे 'दुय्यम' का?

खटपट्या: पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी बीगलबोन ब्लॅक या छोट्या संगणक-बोर्डावरच्या प्रयोगांची वही मराठीत करतोय. 'सेकंडरी प्रोग्राम लोडर'ला (एसपीएल) मी 'दुय्यम भारक' लिहिलं आणि मोकळा झालो. परवा एका मुलाने एसडी कार्डावर जागा करायला एमएलओ, म्हणजे याच लोडरची फाइल, उडवली. "सर, दुय्यम होती ना? म्हटलं नसली तरी चालेल." बोर्डावरची ईएमएमसी, म्हणजे कायमची साठवण, आम्ही रिकामी ठेवतो, त्यामुळे कन्सोलवर नुसतं सी सी सी सी. बूट रॉम, म्हणजे चिपमधला सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, बिचारी सीरियलवर हाका मारत बसलेली. आता या फाइलशिवाय बाहेरची ५१२ एमबी रॅम जागीच होत नाही, मग यू-बूट हा मुख्य लोडर येणार कुठे आणि लिनक्सचा कर्नल कुठे! 'दुय्यम' बदलू का?

शनिवारपेठी: बदलाच. 'दुय्यम' मुळात फारसी. 'द्वितीयक' लिहा. आणि 'बूट' तरी कशाला ठेवता? बूटस्ट्रॅप म्हणजे बुटाच्या मागचा पट्टा, तो ओढून स्वतःच स्वतःला उचलायचं. आपल्याकडे न्याय आहे की, नट कितीही तरबेज असो, त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही. म्हणून 'स्वस्कंधारोहक'.

डागकाम: काका, रॉम एमएलओ उतरवते ती चिपच्या पोटातल्या रॅममध्ये, तिथे जागा १०९ केबी. तुमचा स्वस्कंधारोहक त्यात मावायचा नाही. तपकीर गल्लीत आमचा दुरुस्तीवाला एवढंच म्हणतो, "बोर्ड उठत नाहीये."
आणि 'द्वितीयक'ही फसेल. यू-बूटमध्ये काही चिपांसाठी टीपीएल असतो, टी म्हणजे टर्शरी, आणि तो एसपीएलच्या आधी चालतो. तृतीयक आधी, द्वितीयक मागून. समजवा मुलांना!

शनिवारपेठी: ती त्यांची चूक, मराठीची नव्हे.

दप्तरदार: जुन्या दप्तरांत जमिनीची प्रत अव्वल, दूम, सीम अशी लावत. 'दुय्यम'ला कमीपणा तिथूनच चिकटला असावा, असं आपलं माझं मत. पण कमी म्हणजे बिनकामाचं कुठे? फ्लॅट घेतलात तर सह दुय्यम निबंधक, हवेली यांच्याच दारात रांग लावता ना? तिथे नोंद झाल्याशिवाय बिल्डरच्या पेढ्यांना काय अर्थ आहे! शब्द ठेवा, मुलाला झापा.

खटपट्या: झापून झालं. 'दुसऱ्या टप्प्याचा लोडर' कसं वाटतं?

डागकाम: माझं मत याला. नुसतं 'टप्पा' मात्र नको, मुलांना 'एक टप्पा औट' आठवेल.

एसटीप्रेमी: टप्पा म्हणजे सहा किलोमीटर, विषय संपला.

शनिवारपेठी: 'लोडर' तर मुळीच नको. मराठीत लोड म्हणजे तक्क्याचा भाऊ. रेलायची वस्तू.

करवंटी: आमच्याकडे आजी बंब पेटवायची. आधी कागदाचा बोळा, त्यावर करवंटीचे तुकडे, ते धगधगले की ढलप्या. काडी लावून थेट ढलपी पेटत नाही, रॉमचं तसंच. मधल्या त्या करवंटीला आजी 'चेतवण' म्हणायची. लिहा 'चेतवण', मुलं ती फेकणार नाहीत.

दप्तरदार: 'चेतवण' सुरेख! पण बंबात करवंटी? आमच्याकडे शेणीचा तुकडा असायचा.

करवंटी: शेणीने धूर किती होतो! आमचा बंब न्हाणीघरातच होता.

एसटीप्रेमी: तांब्याचा होता का? तांबट आळीत अजून करून देतात का कुणी?

डागकाम: बंब विसरा हो. 'चेतवण' लिहिलंत तर टीपीएलला काय म्हणायचं, बोळा?

करवंटी: हो. का नको?

शनिवारपेठी: 'बोळा' ग्राम्य वाटतो.

खटपट्या: मंडळी, वही सोमवारी छापायला जायची आहे.

दप्तरदार: @एसटीप्रेमी, बंब मिळेल, पण तोटी पितळीच मागा. आमच्या बंबाची दोनदा गळली.