नववी आयसीएसई: "अभ्यास शेवटच्या पंधरा दिवसांत होतो" म्हणणाऱ्या मुलावर उपाय?

बाणेरकर: मुलगा इथल्या एका महागड्या शाळेत नववीला आहे. "मी अभ्यास करतो" म्हणणं त्यांच्या वर्गात कमीपणाचं. शाळा झाली की क्लास, क्लासच्या छापील नोट्स, आणि वर "दोन धडे ऑप्शनला टाकू, नाहीतर शिकायला बाहेर, परदेशात जाऊच." ओरडून काही होत नाही. नेमकं करायचं काय?

खडूफळा: ऑप्शनचं गणित त्याच्याकडूनच करून घ्या. दहावीचा फिजिक्सचा पेपर 80 गुणांचा, दोन तासांचा. सेक्शन ए 40 गुणांचा, सगळा सक्तीचा, आणि प्रश्न सगळ्या धड्यांवर. ऑप्शन फक्त सेक्शन बीमध्ये, सहापैकी चार. त्यातही एकाच प्रश्नाचे उपप्रश्न वेगवेगळ्या धड्यांवरचे असू शकतात. म्हणजे सोडलेला धडा दोन्हीकडे नडतो.

दर रविवारी घड्याळ लावून एक पेपर हाताने लिहायला बसवा. वाचनाची 15 मिनिटं वेगळी. गुणाला दीड मिनिट पडतं, म्हणून सेक्शन ए तासाभरात हातावेगळा व्हायला हवा. नेमकी इथेच गाडी अडते. नोट्स वाचून सगळं येतंय असं वाटतं, पण लिहायची सवय नसते. तपासताना एकक राहिलं का, किरणाकृतीत बाण काढलेत का, सूत्र लिहून मग किमती घातल्यात का, एवढं बघा. मुलं कुठे काय चुकतात याचं प्रश्नवार विश्लेषण परीक्षा घेणाऱ्या कौन्सिलच्या वेबसाइटवर असतं. क्लासच्या नोट्सआधी ते वाचा, फुकट आहे.

शनिपारचा: पेपरसंच अप्पा बळवंत चौकात मिळतील. उत्तरांची पानं मात्र स्वतःकडे ठेवा.

ताईसाहेब: इंटर्नलच्या, म्हणजे शाळेतल्या प्रोजेक्ट वगैरेच्या 20 गुणांवर जाऊ नका. प्रोजेक्ट चकचकीत असला की ते बहुधा सढळ हाताने मिळतात आणि टक्केवारी फुगते. लेखी 80 पैकी किती, तेवढंच वहीत टिपा. आणि "बाहेर जाऊ" म्हणणाऱ्याला सांगा, अमेरिकेतली विद्यापीठं साधारणपणे नववी ते बारावी, चारही वर्षांचे गुण मागतात. मोजणी सुरू झाली आहे म्हणावं.

बाणेरकर: मग क्लास बंदच करू का?

खडूफळा: सगळे एकदम नको. चार रविवारचे पेपर समोर ठेवा. ज्या विषयात निव्वळ वेळ पुरत नाही, तिथे क्लासचा उपयोग नाही, तो आधी सोडा. संकल्पनाच कच्ची असेल तो राहू द्या. निवड त्यालाच करू दे.